सल्ला यंत्राचा, ज्ञान कुणाचे?

शेतीला कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड देणारे ‘महाॲग्री-एआय धोरण २०२५-२९’ महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने १७ जून २०२५ रोजी संमत केले. पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. त्याच्या दोन महिने आधी, १५ एप्रिलपासून, कृषी योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक अनिवार्य करण्यात आला होता. उपग्रहाची छायाचित्रे, पावसाच्या नोंदी, मातीचे पृथक्करण, बाजारभाव आणि सातबारा हे सारे एकत्र आणायचे, संगणकाने त्याचे मंथन करायचे आणि कोणते वाण घ्यावे, पेरणी केव्हा करावी, फवारणी करावी की थांबावे, याचा सल्ला शेतकऱ्याच्या भ्रमणध्वनीवर पोहोचवायचा, अशी ही एकूण कल्पना आहे. कल्पना चांगली आहे. निसर्गाच्या लहरीवर आणि दुकानदाराच्या शब्दावर हंगाम सोडून देणाऱ्या शेतकऱ्याला नेमका सल्ला वेळेवर मिळत असेल, तर त्याचे स्वागतच करायला हवे.

परंतु धोरणाचे स्वागत करताना एक प्रश्न विचारण्याचे राहून जाते. हे यंत्र ज्या ज्ञानाच्या बळावर सल्ला देणार, ते ज्ञान कुणाचे? हा प्रश्न मुंबईच्या परिषदेत किंवा पुण्याच्या चर्चासत्रात तात्त्विक वाटेल. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत तो तात्त्विक राहत नाही. कारण शेतकऱ्याचे ज्ञान त्याच्या बांधीतून उचलले गेले की पुढे काय होते, याचा अनुभव या भूमीने एकदा घेतला आहे. त्या अनुभवाचे नाव आहे एचएमटी.

तीन लोंब्यांची गोष्ट

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. मराठवाड्यातल्या प्रसिद्ध नांदेडशी त्याचा संबंध नाही. या गावी दादाजी रामाजी खोब्रागडे नावाचा अल्पभूधारक शेतकरी राहत होता. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम दीड एकर. १९८३ साली आपल्या बांधीतल्या ‘पटेल ३’ जातीच्या धानात त्यांना तीन लोंब्या इतरांहून निराळ्या दिसल्या. शेतात हजारो लोंब्या उभ्या असताना नेमक्या तीन वेगळ्या आहेत, हे ओळखणारा डोळा कोणत्याही प्रयोगशाळेने दिलेला नव्हता. दादाजींनी त्या लोंब्या वेगळ्या काढल्या, त्यांचे बी जपले आणि पुढच्या हंगामात शेताच्या मध्यभागी ते निराळे लावले. शेत जंगलाला लागून, रानडुकरांचा उपद्रव मोठा. म्हणून त्या छोट्याशा तुकड्याभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण केले. पुढची काही वर्षे हीच साधना चालली. त्यातून बारीक दाण्याचा, चांगला उतारा देणारा आणि भाताला रुचकर असा तांदूळ तयार झाला. व्यापाऱ्यांनी तो उचलला तेव्हा त्याला नावही नव्हते. त्या काळी एचएमटीच्या घड्याळाची चलती होती, तेच नाव तांदळाला चिकटले.

आज हा तांदूळ नागपूर, रायपूर, हैदराबाद इथल्या बाजारात सहज मिळतो. विदर्भातल्या मध्यमवर्गीय घरात रोजच्या भातासाठी एचएमटी मागितला जातो. तो मागणाऱ्यांपैकी किती जणांना दादाजींचे नाव ठाऊक आहे?

१९९४ साली सिंदेवाही येथील धान संशोधन केंद्राने दादाजींकडून हे बियाणे प्रयोगासाठी नेले. १९९८ साली अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ नावाचे वाण प्रसृत केले. आपण मूळ बियाण्याचे शास्त्रीय पद्धतीने शुद्धीकरण केले, असे विद्यापीठाचे म्हणणे होते. शुद्धीकरणाचे श्रम कुणी नाकारू नयेत. परंतु जे शुद्ध केले, ते मुळात शोधले कुणी? नव्या नावात विद्यापीठाची आद्याक्षरे आली. दादाजींचे नाव कुठेच आले नाही आणि विक्रीतला एक पैसाही त्यांच्या हाती पडला नाही.

मानसन्मान पुढे मिळाले, हे खरे. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाच्या वतीने २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ने ग्रामीण भारतातल्या सात प्रभावी उद्योजकांत त्यांची गणना केली. दादाजींनी ‘डीआरके’, ‘विजय नांदेड’, ‘नांदेड हिरा’ अशी आणखी वाणे दिली. आणि ३ जून २०१८ रोजी, आयुष्यभराच्या ओढगस्तीतून बाहेर न पडताच, त्यांनी जगाचा निरोप घेतला. देशातल्या लाखो घरांत ज्याचा भात शिजतो, त्याच्या औषधोपचारासाठी मदतीची आवाहने निघावीत, ही गोष्ट समाज म्हणून कुणालाच भूषणावह नाही.

यात कुणी दुष्ट नव्हता, हे विशेष ध्यानात घ्यायला हवे. संशोधकांनी चोरी करण्याच्या हेतूने बियाणे नेले, असे म्हणण्याचे कारण नाही. व्यवस्थेच्या नोंदवहीत शेतकऱ्यासाठी ‘लाभार्थी’ असा रकाना होता. ‘संशोधक’ असा रकाना नव्हता, एवढेच. एका रकान्याच्या अभावाने एका माणसाचे आयुष्यभराचे कर्तृत्व निनावी झाले.

यंत्र शिकते कुणाकडून?

कृत्रिम बुद्धिमत्ता या शब्दाभोवती एक गूढ वलय निर्माण झाले आहे. यंत्राला आपोआप शहाणपण सुचते, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात यंत्र उदाहरणांवरून शिकते. रोगट पानाची हजारो छायाचित्रे त्याला दाखवावी लागतात. हा करपा, हा कडाकरपा, ही गादमाशीची नळी, हे कुणीतरी जाणत्याने त्याला सांगावे लागते. कोणत्या मातीत, किती पावसात, कोणत्या वाणाला किती उतारा आला, याच्या नोंदी त्याला पुरवाव्या लागतात. शेतकऱ्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न, त्याने मानलेला किंवा न मानलेला प्रत्येक सल्ला आणि हंगामाअखेर त्याच्या पदरात पडलेले पीक हे सारे यंत्राच्या पुढच्या शिक्षणाचे पाठ असतात. म्हणजे शेतकरी यंत्राकडून एक सल्ला घेतो, तेव्हा तो यंत्राला त्याहून अधिक देत असतो. घेतल्याची पावती त्याला मिळते, दिल्याची मिळत नाही.

आता दादाजींच्या तीन लोंब्या पुन्हा डोळ्यांपुढे आणाव्यात. १९९४ मध्ये निदान बियाण्याची पिशवी उचलून न्यावी लागली. कुणी नेली, कधी नेली, याची आठवण गावाला राहिली, म्हणून पुढे दाद मागता आली. उद्या असाच एखादा शेतकरी वेगळ्या दिसणाऱ्या लोंबीचे छायाचित्र काढून यंत्राला विचारील, ‘हे काय आहे?’ त्या क्षणी त्याचे निरीक्षण, त्याच्या शेताचे अक्षांश-रेखांश आणि हंगामाचा तपशील दूरच्या कुठल्यातरी संगणकात जाऊन बसेल. पिशवी हलणार नाही, बी हलणार नाही. हलेल ते ज्ञान, आणि त्याचा मागमूसही उरणार नाही. लाखो शेतकऱ्यांच्या निरीक्षणांचा एकच काढा झाल्यावर त्यात कुणाची मुळी किती, हे कोण सांगणार?

२००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला वाणाचा निर्माता म्हणून मान्यता दिली. आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवघेव करण्याचा त्याचा हक्क मान्य केला. जगात मोजक्याच देशांनी असे केले आहे आणि भारताला त्याचा अभिमान वाटायला हवा. परंतु हा कायदा बियाण्याला ओळखतो. बियाण्यामागच्या निरीक्षणाला, ते आकड्यांच्या रूपाने वाहून गेले तर, तो ओळखत नाही. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा व्यक्तीच्या माहितीचा विचार करतो. गावाने पिढ्यान्पिढ्या साठवलेल्या सामूहिक शहाणपणाचा विचार त्यात नाही. या दोन कायद्यांच्या मधल्या फटीतून ज्ञान निसटणार आहे.

उसाचे गणित धानाला लागू नाही

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शेतीचा विषय निघाला की बारामतीचे उदाहरण दिले जाते. तेथील कृषी विकास प्रतिष्ठानाने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने उसावर प्रयोग केला. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी २०२५ मध्ये त्याची जाहीर वाखाणणी केली. प्रयोग स्तुत्य आहे, यात शंका नाही. परंतु बारामतीचा ऊस बागायती आहे, एकच पीक वर्षभर उभे आहे, पाणी मोजून देता येते आणि गाळपासाठी कारखाना ठरलेला आहे. तिथे ‘किती पाणी, किती खत, तोडणी कधी’ एवढाच प्रश्न असतो आणि यंत्र त्याचे उत्तर उत्तम देते.

सिंदेवाही, मूल, सावली किंवा आरमोरी, कुरखेडा, धानोरा इथला प्रश्न निराळा आहे. इथे एकाच शेतकऱ्याच्या चार बांध्या चार प्रकारच्या असतात. कन्हार, मोरंड, खरडी, बरडी अशी मातीची नावे इथल्या शेतकऱ्याच्या तोंडी आहेत. चढावरच्या बांधीत हलके धान, खोलगट बांधीत भारी धान, ही विभागणी तो दरवर्षी पाऊस पाहून करतो. पऱ्हे केव्हा टाकायचे आणि रोवणी केव्हा करायची, हे गावच्या तलावात किती पाणी आहे यावर ठरते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून चालत आलेली ही जलव्यवस्था. कोहळी समाजाने ती कौशल्याने उभी केली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव शासनाचे झाले आणि त्यांची निगा ही कुणाचीच जबाबदारी उरली नाही. गाळाने भरलेल्या तलावात यंदा किती पाणी ठरेल आणि ते कोणत्या पाटाला आधी मिळेल, हे उपग्रहाला वरून पूर्णपणे दिसत नाही. गावच्या पाणकऱ्याला ते ठाऊक असते.

पुढे धान निघण्याआधीच उभ्या पिकात लाखोळी किंवा जवस टाकायचे की नाही, हा आणखी एक निर्णय. तोही ओल पाहून आणि गावातली मोकाट गुरे पाहून घेतला जातो. गडचिरोलीचा जवळपास सत्तर टक्के भाग वनाच्छादित आहे. त्यामुळे रानडुकरे आणि वाघ हेदेखील पीकनियोजनाचे घटक आहेत. ज्या शेतात रात्री राखणीला जाणे जिवावर बेतते, तिथे डुकराला आवडणारे पीक घ्यायचे नाही, हा निर्णय कोणत्याही कृषी पुस्तकात नसतो. बियाण्याला आणि खताला लागणारा पैसा एप्रिलच्या मोहफुलातून आणि मे महिन्यातल्या तेंदूपत्त्यातून येतो. तेंदूचा हंगाम बुडाला तर महागडे वाण घेण्याचा सल्ला शास्त्रशुद्ध असूनही निरुपयोगी ठरतो. शेवटी धान विकायचे कुठे? आदिवासी विकास महामंडळाच्या आधारभूत खरेदी केंद्रावर. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये जाहीर झाला. तिथे बारीक, सुवासिक धानाला त्याच्या गुणाएवढा वाढीव भाव नसतो. ‘अधिक बाजारमूल्याचे वाण घ्या’ असे सांगणाऱ्या यंत्राला हे केंद्र ठाऊक असायला हवे.

हे सारे गणित इथला शेतकरी मनातल्या मनात करतो. त्याला ‘मागास’ म्हणणाऱ्या वातानुकूलित सल्लागारांना ते कागदावरही मांडता येणार नाही. म्हणूनच बारामतीचे यंत्र उचलून धानोऱ्यात बसवले की काम झाले, अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी आधी एक संपूर्ण हंगाम एखाद्या बांधीवर उभे राहून पाहावा.

सल्लागार आणि विक्रेता

या विषयाला आणखी एक बाजू आहे, ती अर्थकारणाची. २०१३ साली अमेरिकेत मॉन्सॅन्टो या बियाणे कंपनीने ‘क्लायमेट कॉर्पोरेशन’ ही हवामान आणि शेतीविषयक आकडेवारीवर चालणारी कंपनी सुमारे ९३ कोटी डॉलर्सना विकत घेतली. २०१८ मध्ये मॉन्सॅन्टोच बायर कंपनीच्या उदरात गेली. बियाणे, कीटकनाशके आणि ती केव्हा, किती वापरावीत याचा संगणकीय सल्ला, या तिन्ही गोष्टी एका छत्राखाली आल्या. औषध लिहून देणारा वैद्य आणि औषधाचा दुकानदार एकच असला, तर रोग्याला किती बाटल्या घ्याव्या लागतील, हे सांगायला ज्योतिषी नको.

चंद्रपूरच्या पश्चिम भागातला, राजुरा-कोरपन्याकडचा कापूसउत्पादक हे चांगले जाणतो. त्याने २००२ नंतर बीटी कापसाची भरभराट पाहिली, नंतर गुलाबी बोंडअळीचा प्रकोप पाहिला आणि मग मान्यता नसलेल्या ‘चोर बीटी’चा सुळसुळाटही पाहिला. प्रत्येक टप्प्यावर सल्ला देणारा होता तो कृषी केंद्राचा दुकानदार. आता दुकानदाराच्या जागी गोड आवाजात बोलणारे यंत्र येणार असेल आणि यंत्राच्या मागे तोच विक्रेता उभा असेल, तर बदलले काय?

परदेशी तंत्रज्ञान अस्पृश्य मानावे, असे कुणी म्हणणार नाही. २०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८८ लाख शेतकऱ्यांना मोसमी पावसाच्या आगमनाचा अंदाज लघुसंदेशाने कळवला. पाऊस मध्येच दीर्घकाळ खोळंबणार, हे त्या अंदाजाने आधी सांगितले. त्यात गूगलचे ‘न्यूरल जीसीएम’ आणि युरोपीय केंद्राचे प्रारूप वापरले होते, आणि त्यांना जोड होती भारतीय हवामान विभागाच्या सव्वाशे वर्षांच्या पर्जन्यनोंदींची. म्हणजे यंत्र परदेशी असले तरी त्याला भारताच्या पावसाची जाण आली ती भारतीयांनी शतकभर निष्ठेने ठेवलेल्या नोंदींमुळे. याच वर्षी, २६ मे रोजी, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेत तयार झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ राष्ट्राला अर्पण झाली. सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणारी ही प्रणाली स्वदेशी आहे. सामर्थ्य आपल्याकडे आहे. प्रश्न आहे तो आपल्या ठेव्याचे मोल ओळखण्याचा.

हा धडा हळदीने एकदा शिकवला आहे. १९९५ मध्ये जखमेवर हळद लावण्याच्या गुणाचे एकस्व अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ते आव्हानित केले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. ती लढाई जिंकता आली, कारण हळदीचे गुण लेखी ग्रंथांत नोंदलेले होते. सिंदेवाहीच्या शेतकऱ्याच्या मोरंड मातीचे ज्ञान कोणत्या ग्रंथात आहे? ते बोलीत आहे, हातात आहे, डोळ्यांत आहे. ते यंत्राने आधी टिपले आणि त्यावर कुणी आधी हक्क सांगितला, तर पुरावा म्हणून गाव काय दाखवणार?

भाषेची भिंत

‘शेतकऱ्याच्या भाषेत सल्ला’ हे या साऱ्या योजनांचे ब्रीद आहे. मराठीत सल्ला मिळणे ही आनंदाची बाब. परंतु भामरागड, एटापल्ली, धानोरा इथल्या कितीतरी घरांत मायबोली माडिया किंवा गोंडी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात गोंडी बोलणारे जवळपास तीस लाख आहेत. तरी ती भाषा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात नाही. केंद्रीय जनजाती कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये ‘आदिवाणी’ ही भाषांतर प्रणाली सुरू केली आणि तिच्या पहिल्या टप्प्यात गोंडीचा समावेश केला, हे योग्य दिशेचे पाऊल होय. मात्र तिची गोंडी छत्तीसगडची. गडचिरोलीच्या माडियाचा सूर निराळा.

भाषेचा हा मुद्दा केवळ सोयीचा नाही. मातीची, किडीची, धानाच्या अवस्थेची, रानातल्या लक्षणांची जी नावे या बोलींत आहेत, त्यांत निरीक्षण साठवलेले आहे. यंत्राला ती नावे कळली नाहीत, तर शेतकऱ्याचा अर्धा प्रश्नच त्याला कळणार नाही. आणि कळली, तर ती कुणी शिकवली याची नोंद हवी. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. ज्या गावात भ्रमणध्वनीचे जाळे झाडावर चढून शोधावे लागते, तिथे सल्ला पोहोचवण्याचा मार्ग कोणता, हेही धोरणकर्त्यांनी सांगायला हवे.

सल्ला चुकला तर?

आता सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत टाळला जाणारा प्रश्न. यंत्राचा सल्ला चुकला, तर भरपाई कुणी द्यायची? बियाणे सदोष निघाले तर शेतकरी ग्राहक म्हणून दाद मागू शकतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात दिला. बियाण्याला पिशवी असते, पिशवीवर शिक्का असतो. सल्ल्याला काय असते? एक आवाज येतो, एक संदेश येतो आणि तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेले असते की अंतिम निर्णय शेतकऱ्याचा. पीक साधले तर श्रेय तंत्रज्ञानाचे, आणि बुडाले तर निर्णय शेतकऱ्याचा! हा कुठला न्याय?

बांधीवर मक्त्याने राबणाऱ्याची स्थिती आणखी बिकट आहे. सातबारा मालकाच्या नावे, ओळख क्रमांक मालकाचा. यंत्राच्या लेखी राबणारा अस्तित्वातच नाही. सल्ला मालकाच्या भ्रमणध्वनीवर, घाम आणि कर्ज मक्तेदाराचे. जी नोंदवही एकदा दादाजींना विसरली, ती यालाही विसरणार.

उत्तर गावातच आहे

यावर काही मंडळींचे उत्तर तयार असते: हे यंत्रच नको. वनवासी बांधवाला त्याच्या रानात, त्याच्या परंपरेत सुखाने राहू द्या, असे ते म्हणतात. स्वतः मात्र शहरात बसून याच यंत्राकडून लेख लिहून घेतात. हा दृष्टिकोन कळवळ्याचा आव आणतो, पण शेतकऱ्याला संग्रहालयातली वस्तू समजतो. ज्या दादाजींनी लोंबी निवडली, ते परंपरेला कवटाळून बसलेले नव्हते. नवे शोधणारे होते. त्यांच्या हाती असे साधन आले असते, तर त्यांनी ते आनंदाने वापरले असते. ताडोबाच्या सीमेवरील सीतारामपेठ गावात २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी पूर्वसूचना यंत्रणा बसली. वाघ गावाकडे सरकला की सावध करणारी. गरज गावाची असेल तर यंत्र परके वाटत नाही.

तेव्हा यंत्र हवे. पण ते कुणाच्या अटींवर, हे ठरायला हवे. त्याचे उत्तर याच भूमीने देऊन ठेवले आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये आपल्या बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा देशभर पोहोचली. पुढे गडचिरोलीतल्या हजारांहून अधिक ग्रामसभांना असे हक्क मिळाले. अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात, हिशेब फळ्यावर मांडतात. ज्या २००६ च्या वनहक्क कायद्याने हे घडवले, त्याच्याच कलम ३(१)(के) मध्ये जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर आणि बौद्धिक संपदेवर समूहाचा हक्क मान्य केलेला आहे. बांबूवरचा हक्क वापरात आला. ज्ञानावरचा हक्क कायद्याच्या पानात झोपला आहे. त्याला जागे करण्याची वेळ आता आली आहे.

शासनाने या दोन जिल्ह्यांत पहिला प्रयोग करताना चार गोष्टी मान्य कराव्यात. गावाच्या शेतीविषयक नोंदी आणि निरीक्षणे यंत्राला देण्यापूर्वी ग्रामसभेची संमती घ्यावी आणि ती काढून घेण्याचा अधिकारही ग्रामसभेला असावा. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या करायच्या आहेत. त्यांत वाण, माती आणि किडीविषयीचे ज्ञान ते सांगणाऱ्याच्या नावासह नोंदवावे, म्हणजे उद्या दाखवायला पुरावा राहील. सल्ला देणाऱ्या संस्थेला त्या सल्ल्याशी संबंधित बियाणे किंवा औषध विकण्यास मनाई असावी आणि चुकीच्या सल्ल्याची जबाबदारी करारात स्पष्ट लिहिलेली असावी. शेवटची गोष्ट अशी, की या ज्ञानावर उभ्या राहिलेल्या व्यवसायातला वाटा ग्रामसभेच्या खात्यात जमा व्हावा. त्यातून एखाद्या मामा तलावाचा गाळ निघाला, तरी यंत्राने शेतकऱ्याचे भले केले असे म्हणता येईल.

यात अशक्य असे काहीच नाही. सिंदेवाहीचे संशोधन केंद्र आजही आहे, विद्यापीठाकडे तज्ज्ञ आहेत, पुण्याकडे स्वदेशी हवामान प्रणाली आहे, गावाकडे ग्रामसभा आहे. या चौघांना एका बैठकीत बसवण्याची इच्छाशक्ती तेवढी हवी. सामाजिक कार्यकर्त्यांनीही हा विषय परका मानू नये. ग्रामसभेत बसून नोंदवही भरण्यास साहाय्य करणे, ओळख क्रमांक घेताना कशाला संमती दिली जाते हे शेतकऱ्याला समजावून सांगणे, सल्ला चुकला तर त्याची लेखी नोंद ठेवणे, हे आज करता येण्याजोगे काम आहे.

नांदेडच्या एका बांधीत तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, तेव्हा देशाला एक तांदूळ मिळाला आणि शोधणाऱ्याचे नाव नोंदवायचे राहून गेले. ती चूक एका वाणापुरती होती. आता संपूर्ण मुलखाची शेतीविद्या यंत्राच्या हवाली होऊ घातली आहे. या वेळी नाव आधी नोंदवावे. बी मागाहून न्यावे.